वीस सेंटिमीटरच्या अल्कोला आवाज कसा देतात

मागच्या दिवाळीत भाचा आला होता, वय नऊ. टेबलावर रुळाच्या तुकड्यावर माझं मॉडेल रेल्वेचं इंजिन उभं होतं, आतून गुरगुर येत होती पण चाकं काही हलत नव्हती. त्याने कान जवळ नेला, मग वास घेतला (हो, वासच) आणि विचारलं, मामा, ह्याच्या आत मोबाईल ठेवलायस का? मी हसलो, पण तसं बघायला गेलं तर पोरगा फार चुकला नव्हता, कारण आतला स्पीकर मोबाईलच्याच जातीचा आहे, नखाएवढा. बाकीचं त्याला सांगता सांगता अर्धी दुपार गेली, आणि नंतर बऱ्याच जणांनी तेच विचारलं म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

माझं मॉडेल आहे डब्ल्यूडीएम-२ ह्या भारतीय रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाचं, ज्याला आपण सगळे रेल्वेवेडे नुसतं अल्को म्हणतो. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, त्यांची ही इंजिनं १९६२ मध्ये भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यूत (डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स ह्या कारखान्यात) इथेच बनायला लागली. गंमत अशी की मूळ कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं आणि आपण मात्र त्या घराण्याची इंजिनं पुढे कित्येक दशकं बनवत आणि चालवत राहिलो. १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, जवळपास ११३ टन वजन आणि तो घोगरा, थोडा अडखळत चाललेला आवाज जो कोकण रेल्वेच्या कुठल्याही स्टेशनवर रात्री दोन वाजता गाडी क्रॉसिंगला थांबली की झोपेतही ओळखू यायचा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि तिकडची डिझेलची गुरगुर बरीचशी गेलीच. म्हणून हा खटाटोप.

आधी मापाचं बोलू. एचओ स्केल म्हणजे १:८७. साधारण १७ मीटरचं इंजिन ८७ ने भागलं की वीस सेंटिमीटरच्या जरा आत येतं, शाळेतल्या कंपासपेटीपेक्षा थोडं लांब. ह्या स्केलचे रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरच्या गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), आणि ते युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजला धरून आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तो ८७ ने भागला तर १९.२६ यायला पाहिजे. म्हणजे आपलं प्रत्येक भारतीय एचओ मॉडेल जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभं असतं, समोरून बघितलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. ह्यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी सोडून दिलंय, कारण स्वतःचे रूळ आणि चाकं बनवायला बसलो तर रिटायर झाल्यावरच गाडी सुटेल.

पण वजनाचं गणित सोडून देण्यासारखं नाही, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लांबी ८७ पट कमी होते, पण वजन कमी होतं ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ पट, कारण लांबी रुंदी उंची तिन्ही आक्रसतात. तो आकडा होतो साडेसहा लाखांच्या वर. ११३ टनांना त्याने भागा, उत्तर येतं जेमतेम १७१ ग्रॅम. दोन-तीन बटाटे फार तर. आता ११३ टनाचं धूड जागचं हलायला वेळ घेतं, थांबायला त्याहून जास्त घेतं, आणि दोन बटाट्यांना कसलं आलंय जडत्व? करंट दिला की टुणकन पळतं आणि काढला की जागीच ठप्प. म्हणून कितीही सुंदर रंगवलेलं मॉडेल हललं रे हललं की खेळणं वाटतं. जडपणा कुठूनतरी उसना आणावा लागतो, आणि तो आणायच्या जागा दोनच, डोळे आणि कान. एकीकडे रंग-मळ-तपशील, दुसरीकडे आवाज आणि चाल, आणि ही दोन्ही कामं एकाच इंजिनाची गोष्ट सांगत असली पाहिजेत. बहुतेक जण इथेच चुकतात, मीही चुकलो होतो. शोरूममधून काल आल्यासारखं चकचकीत इंजिन आणि त्यातून येतो चाळीस वर्षं घासलेल्या मशीनचा आवाज, किंवा उलटं.

उदाहरण म्हणून अल्कोचा काळा धूर घ्या. ड्रायव्हर नॉच वाढवतो (नॉच म्हणजे आपल्या गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखं, फक्त त्याला ८ ठरलेल्या पायऱ्या असतात), तसं सिलिंडरमध्ये डिझेल लगेच जास्त जायला लागतं, पण ते जाळायला लागणारी जास्तीची हवा टर्बोचार्जर देतो आणि टर्बो फिरतो धुराच्या जोरावर, त्यामुळे तो वेग घ्यायला काही सेकंद मागे राहतो. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी, अर्धवट जळतं, आणि वरून भस्सकन काळा लोट. आता हीच गोष्ट कानाने बघा. आधी इंजिनाचा घोगरा आवाज चढतो, मग दोन-चार सेकंदांनी त्यावर टर्बोची बारीक शिट्टी चढत जाते. आणि डोळ्याने बघा, धुराड्याच्या भोवतीचं छप्पर काजळीने काळं, तेही सगळीकडे सारखं नाही, मधे दाट आणि मागच्या बाजूला ओढल्यासारखं पसरत गेलेलं. एकच कारण, तीन ठिकाणी दिसतं. हे एकदा समजलं की छपरावर काळा रंग किती मारायचा हे कोणाला विचारावं लागत नाही.

आता बाहेरचं काम. सुरुवात एका फोटोपासून करायची, आणि फोटो एकाच इंजिनाचा आणि एकाच काळातला हवा. आपल्याकडे प्रत्येक शेडचे (इंजिनं सांभाळणाऱ्या डेपोचे) आपापले रंग असायचे, कल्याण वेगळं, पुणे वेगळं, वर पीओएचला (ठरावीक वर्षांनी होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला) जाऊन आलं की पट्टाच बदललेला, कुणाला मोठ्या काचांचा जम्बो, कुणाला नेहमीचा तोंडवळा. दोन फोटो मिसळले की असं इंजिन तयार होतं जे जगात कधी नव्हतंच. चेसिससाठी बरेच जण अमेरिकन अल्कोचं मॉडेल घेतात, आरएसडी मालिकेतलं एखादं, कारण खालची सहा चाकांची ट्रायमाउंट बोगी त्याच कुळातली आहे. (बोगी म्हणजे इथे डबा नाही हं, चाकांची चौकट. आपल्याकडे डब्याला बोगी म्हणायची सवय आहे म्हणून सांगितलं.) ह्या बोगीत तीन ॲक्सलमधलं अंतर सारखं नसतं, दोन जवळ आणि एक लांब, आणि अल्को ओळखायची ती खूण आहे. वरची बॉडी थ्रीडी प्रिंट केलेली मिळते किंवा कोणीतरी मित्र करून देतो. प्रिंटच्या रेषा घासून घासून बोटांचे ठसे गेले माझे, आधारने अंगठा ओळखायचं बंद केलं होतं आठवडाभर.

मग येतात हँडरेल. प्लॅस्टिकचे ओतीव हँडरेल असले तर काढून टाका, तेवढ्या एका गोष्टीने निम्मं रूप पालटतं. खरी दांडी साधारण साडेतीन सेंटिमीटर जाड धरली तर ८७ ने भागून ०.४ मिलिमीटर येते, तेवढी पितळी तार घ्यायची. भोक पाडायला ०.४ चा ड्रिल बिट पिन व्हाइसमध्ये (हातात धरायच्या छोट्या पकडीत) धरून दोन बोटांनी फिरवायचा, मशीन अजिबात नाही. आधी सुईने टोचा करून घ्यायचा नाहीतर बिट घसरतो आणि रंगवलेल्या बाजूवर ओरखडा. एका बाजूच्या भोकांना माझे तीन बिट मोडले आणि तिसरा आतच राहिला, तो आजही तिथेच आहे, त्यावर हँडरेलचा खांब चिकटवून टाकलाय. पुढे बफर, स्क्रू कपलिंग, ब्रेकच्या नळ्या, दोन इंजिनं जोडायच्या जाड केबली. ह्यातलं बरंचसं वायरचे तुकडे आणि जुन्या चार्जरच्या आतली बारीक तार ह्यातूनच होतं.

रंगाचा क्रम मात्र पाळायचा. बेस रंग, मग चकचकीत क्लिअर कोट, मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं आणि पट्टे), मग मॅट कोट आणि सगळ्यात शेवटी मळ. डिकलच्या आधी चकचकीत का? कारण मॅट पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, पाण्यावरचा डिकल त्यावर बसवला की खाली हवा अडकते आणि अक्षरांच्या भोवती चंदेरी कडा दिसते, लांबूनसुद्धा कळतं की स्टिकर आहे. आणखी एक ताप म्हणजे घरच्या इंकजेट प्रिंटरला पांढरी शाई नसते, आणि आपल्या इंजिनावर शेडचं नाव, नंबर बऱ्याचदा पांढरा किंवा पिवळा. मग पांढऱ्या डिकल पेपरवर अक्षरांभोवतीचा बॉडीचा रंग छापून तो जुळवत बसा, नाहीतर पांढरी शाई असणारा छापणारा शोधा. मी शोधला. मळासाठी पातळ केलेला ॲक्रिलिकचा वॉश जाळ्यांमध्ये, बोगीवर ब्रेकच्या लोखंडी धुळीचा तपकिरी, टाकीच्या झाकणाखाली डिझेल ओघळल्याचा ओलसर डाग (तिथे मुद्दाम थोडा चकचकीत वार्निश), आणि छपरावर ती काजळी, कोरड्या पावडरीने, जुन्या ब्रशने झटकत. थांबायचं कधी हे कळणं सगळ्यात अवघड. मला विचाराल तर जिथे "अजून थोडं" वाटतं तिथे ब्रश धुवून झोपायला जायचं.

आता आवाज, आणि त्यासाठी आधी रुळातली वीज. जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये रुळाला डीसी करंट असायचा, नॉब फिरवला की व्होल्टेज वाढायचं, गाडी जोरात. शून्य केलं की गाडी उभी. मग उभ्या गाडीत आवाज कुठून येणार, वीजच नाही! आणि डिझेल इंजिनाचं अर्धं आयुष्य तर उभं राहून गुरगुरण्यात जातं. शिवाय दोन इंजिनं एका रुळावर ठेवली की दोघंही एकदम पळणार. ह्यावरचा उपाय म्हणजे डीसीसी, डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेच्या एनएमआरए ह्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेने १९९० च्या दशकात त्याचं स्टँडर्ड केलं, म्हणून आज एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला चालतो.

ह्यात रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५ व्होल्ट, गाडी उभी असो नाहीतर पळो. पण हे व्होल्टेज स्थिर नसतं, सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं, आणि ह्या उलटण्याच्या तालातच निरोप दडलेला असतो. शाळेत वृत्त शिकताना लघु-गुरू करायचो ना, तसंच. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो लघु, म्हणजे १. अर्धा ठोका १०० किंवा जास्त मायक्रोसेकंदांचा असेल तर गुरू, म्हणजे ०. ह्या लघु-गुरूंची एक ओळ म्हणजे एक निरोप, त्यात आधी कोणासाठी आहे तो पत्ता, मग काय करायचं, आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा, तो जुळला नाही तर निरोप फेकून द्यायचा. वीजही त्याच दोन रुळांतून आणि निरोपही त्यातूनच.

आणि निरोप सगळ्याच इंजिनांना ऐकू जातो. एसटी स्टँडवर घोषणा होते तेव्हा अख्खं स्टँड ऐकतं, पण पिशव्या उचलून उठतात फक्त त्या गाडीवाले, बाकीचे चहा पीत बसतात. प्रत्येक इंजिनात बसवलेला डीकोडर हेच करतो, आपला पत्ता आला की उठतो. तुम्ही नॉब धरून ठेवला तरी कंट्रोलर निरोप सारखे परत परत पाठवत राहतो, कारण चाकाखाली धूळ आली तर एखादा निरोप हुकणारच.

पत्त्याची एक खास आपली अडचण. नवीन डीकोडरचा पत्ता ३ असतो, तो बदलून लोक इंजिनाचाच नंबर देतात, लक्षात राहतं म्हणून. पण डीसीसीत मोठ्यात मोठा पत्ता १०२३९. आपल्या अल्कोंचे नंबर पाच आकडी, सोळा हजारांच्या वरचे! मग शेवटचे चार आकडे घ्यायचे. समजा १७२३४ आहे, पत्ता ७२३४. हा डीकोडरच्या दोन खणांत साठतो. ह्या खणांना सीव्ही म्हणतात, जुन्या दुकानातल्या औषधांच्या ड्रॉवरसारखे नंबर घातलेले खण, प्रत्येकात ० ते २५५ मधला एक आकडा. ७२३४ ला २५६ ने भागा, २८ वेळा जातं आणि बाकी ६६. २८ मध्ये १९२ मिळवून २२० हा सीव्ही १७ मध्ये, ६६ हा सीव्ही १८ मध्ये, आणि सीव्ही २९ मध्ये नेहमीच्या ६ ऐवजी ३८ म्हणजे त्याला कळतं की आता लांब पत्ता वापरायचाय. हल्लीचे कंट्रोलर हे गणित स्वतःच करतात, पण एकदा हाताने केलं की भीती जाते. आणि सगळं बिघडलं तर बहुतेक डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की तो फॅक्टरीतून आल्यासारखा कोरा होतो. हे भिंतीवर लिहून ठेवा.

बसवणं तसं अवघड नाही, नव्या मॉडेलमध्ये सॉकेटच असतं, ८ पिनी, २१ पिनी वगैरे. ऑर्डर करताना पिना मोजून फोटो पाठवा, मला एकाने २१ चा सांगून ८ चा पाठवला होता आणि परत करण्यात तीन आठवडे गेले. जुन्या चेसिसमध्ये मात्र तारा जोडाव्या लागतात, त्यांचे रंग स्टँडर्ड आहेत. लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, आणि निळी दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह. एलईडीला एक हजार ओहमचा रेझिस्टर लावायचाच, नाहीतर तो एकदाच आणि फार सुंदर पेटतो. पुढचं-मागचं ठरवताना लक्षात ठेवा, डब्ल्यूडीएम-२ चा पुढचा भाग म्हणजे शॉर्ट हूड, छोटं नाक. लांब नाक पुढे करून चालायचंच खूपदा, पण कागदोपत्री पुढचं तोंड छोटं.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मोटर वेगळी करणं. जुन्या चेसिसमध्ये मोटरचं एक टोक सरळ धातूच्या फ्रेमला टेकलेलं असतं आणि फ्रेममधून रुळाला. डीसीला ते चालायचं, डीसीसीत रुळाचा करंट सरळ डीकोडरच्या मोटरच्या बाजूला घुसतो आणि खेळ खलास. मल्टिमीटर घ्या, मोटरच्या दोन्ही टोकांपासून दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत तपासा, कुठेही बीप नको. मी तपासलं होतं, खरंच, पण बॉडी बसवायच्या आधी. बॉडीचा स्क्रू आवळला तसा मोटरचा खालचा कार्बन ब्रश फ्रेमला टेकला, आणि मी शहाण्याने प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरचे आकडे बदलायच्या वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर) न ठेवता थेट मेन लाइनवर ठेवलं. टिक असा आवाज आला, एक धुराची रेघ (पहिल्यांदाच माझ्या अल्कोने खरा धूर काढला म्हणायचं), आणि जळक्या चिपचा तो गोडसर कडवट वास दोन दिवस खोलीत. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर करंट मर्यादित असतो, तिथे चूक झाली तर कंट्रोलर नुसता एरर दाखवतो, डीकोडर वाचतो. म्हणून पहिली वेळ कायम तिथे. आणि तारांवर पिवळी पॉलिमाइड टेप, साधी काळी चिकटपट्टी गरमीने सुटते.

आता स्पीकर, भाच्याचा मोबाईल. अल्को चार-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, १६ सिलिंडर म्हणजे एका फेरीत ८ स्फोट. उभं असताना इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेतं, म्हणजे ३२०० स्फोट, सेकंदाला ५३ च्या आसपास. ह्याउलट नंतर आलेली ईएमडी ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची इंजिनं टू-स्ट्रोक, सिलिंडर तितकेच असले तरी प्रत्येक फेरीत सोळाच्या सोळा पेटतात, म्हणून त्यांचा आवाज वेगळा, घोगरा कमी आणि घुमणारा जास्त. तर ५३ हर्ट्झ. नखाएवढ्या स्पीकरला हा सूर काढणं शक्यच नाही, त्याची झेप काहीशे हर्ट्झच्या वर सुरू होते. मग आपल्याला खर्ज ऐकू कसा येतो? मोबाईलवर तबला ऐकताना डग्ग्याचा घुमार स्पीकरमधून फारसा येतच नाही, पण त्याचे वरचे वरचे सूर येतात आणि त्यावरून आपला मेंदू खालचा गाळलेला सूर स्वतःच भरून काढतो. आवाज बसवणारे ह्याच फसवणुकीवर जगतात.

फक्त त्यासाठी स्पीकरला हवाबंद डबी पाहिजे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते, डबी नसेल तर दोन्ही एकमेकांना भेटून खाऊन टाकतात आणि उरतो तो डास गुणगुणल्यासारखा आवाज. स्टायरीन प्लॅस्टिकच्या पातळ शीटची डबी करायची, तारांच्या भोकासकट सगळ्या फटी गोंदाने बुजवायच्या. तपासणी सोपी आहे, पडदा बोटाने अगदी हलका दाबा, डबी हवाबंद असेल तर तो सावकाश परत येतो, लगेच उसळला तर कुठेतरी गळतंय. मी पहिल्यांदा उघड्या स्पीकरवर वाजवलं आणि मग तोच स्पीकर डबीवर नुसता दाबून धरला, आणि दुसऱ्या खोलीतून बायको म्हणाली, हे काय नवीन सुरू केलंस? तेवढा फरक आहे. महागडा डीकोडर आणि उघडा स्पीकर ह्यापेक्षा साधा डीकोडर आणि नीट डबी केव्हाही बरी.

डीकोडरमधला आवाज म्हणजे एक लांब रेकॉर्डिंग नसतं, बऱ्याच जणांचा हाच गैरसमज असतो. तुकडे असतात. उभं असतानाच्या गुरगुरीचा एक तुकडा, तो गोल गोल फिरत राहतो. नॉच १ चा एक, नॉच २ चा एक, असे आठ, आणि प्रत्येक दोघांच्या मधे चढतानाचा आणि उतरतानाचा जोड. कंट्रोलर वेग वाढवायला सांगतो तेव्हा डीकोडर जोड वाजवून पुढच्या फिरत्या तुकड्यावर जातो. हॉर्नचंही तसंच, सुरुवात, मधला फिरणारा भाग आणि शेवट, म्हणून बटण धराल तितका वेळ हॉर्न लांबतो. फाटकाच्या आधी "सी/फा" ची पाटी असते, सीटी वाजवा पुढे फाटक आहे, तिथे द्यायचा लांबलचक हॉर्न ठरलेल्या दोन सेकंदांच्या क्लिपने कसा होणार? उभ्याचा तुकडा फार छोटा असेल तर मात्र कान पकडतो, दर तीन सेकंदांनी तीच खरखर परत, टाइल्सचं डिझाइन जुळल्यासारखी.

भारतीय आवाज तयार मिळणं कठीण, पण अल्कोच्या १६ सिलिंडरी २५१ इंजिनाचे अमेरिकन प्रोजेक्ट (डीकोडरमध्ये भरायचे तयार आवाजांचे संच) मोठ्या कंपन्यांकडे असतात आणि मशीन तर तेच. घेतला की दोन गोष्टी ताबडतोब करायच्या. घंटा काढायची, अमेरिकेत इंजिनं यार्डात टणटण घंटा वाजवत फिरतात, कल्याण यार्डात कोणी वाजवलेली ऐकली नाही. आणि हॉर्न बदलायचा, त्यांचा तीन-पाच सुरांचा असतो, आपला दुसुरी. हॉर्नचं रेकॉर्डिंग स्वतःचं असेल तर उत्तम, माझं एका लेव्हल क्रॉसिंगवरचं आहे, त्यात मागे एक बाई कोंबडीला हाकलतेय ती काही केल्या जात नाहीये. ठेवलीय मी ती.

आता शेवटचा आणि खरा भाग, दोन बटाट्यांना ११३ टन करायचं. सीव्ही ३ म्हणजे वेग घ्यायला लागणारा वेळ, सीव्ही ४ थांबायला लागणारा. स्टँडर्डप्रमाणे आकडा गुणिले साधारण ०.९ इतके सेकंद शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत, कंपनीगणिक थोडं बदलतं. सीव्ही ३ मध्ये ४० घातले तर अर्ध्या मिनिटाच्या वर. आधी कंटाळा येतो, मग त्याशिवाय बघवत नाही. सीव्ही ५ ने जास्तीत जास्त वेग बांधा. खऱ्याचा १२० किलोमीटर म्हणजे मॉडेलचा सेकंदाला ३८ सेंटिमीटर. एक मीटर रूळ मोजून घड्याळ लावा, अडीच सेकंदांच्या आत पार केला तर तुमचा अल्को वंदे भारत झालाय. साठच्या वेगाला त्याच मीटरला पाच सेकंद लागायला हवेत.

हळू चालताना मोटर अडखळू नये म्हणून डीकोडर एक युक्ती करतो. फिरणारी मोटर स्वतः छोटा जनरेटरच असते, तर तो क्षणभर करंट बंद करून मोटर किती व्होल्टेज परत देतेय ते मोजतो, त्यावरून खरा वेग कळतो, कमी पडला की जास्त करंट देतो. हे आधी नीट लावायचं, आवाजाला त्यानंतर हात. मोटर झटके देत असेल तर वरचा आवाज कितीही छान असो, सगळं नाटक उघडं पडतं.

आणि क्रम. खऱ्या अल्कोत आधी आवाज चढतो, मग काही क्षणांनी गाडी हलते, मॉडेलमध्ये बऱ्याचदा दोन्ही एकदम किंवा उलटंच. चांगल्या साउंड डीकोडरमध्ये अशी सोय असते की एक बटण दाबून मोटरचा वेग धरून ठेवायचा आणि नॉबने फक्त इंजिनाचा आवाज वरखाली करायचा. मग घाट चढताना वेग तोच आणि इंजिन आठव्या नॉचला रडतंय, उतारावर वेग तोच आणि इंजिन गप्प. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी मागे सहा डब्यांऐवजी सोळा आहेत असं समजून चालवत होतो, स्वतःच.

आवाज किती ठेवायचा? मॉडेल आपण साठ सेंटिमीटरवरून बघतो, गुणिले ८७ म्हणजे बावन्न मीटर. बावन्न मीटरवरून उभा अल्को जेवढा ऐकू येतो तेवढाच. बहुतेक डीकोडर फॅक्टरीतून बोंबलतच येतात. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डीकोडरमध्ये सीव्ही ६३ हा एकूण आवाजाचा खण, १९२ पर्यंत जातो, माझा ६० वर आहे. पडदा कमी हलला की फाटका आवाजही येत नाही, आणि घरात शांतता राहते, हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं.

प्रत्यक्ष चालवलेले मॉडेल बघायचे असतील तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे पोरांना घेऊन जा, एचओचं अख्खं गाव आहे. घरी करायला बसणार असाल तर एक सूचना राहिली, रूळ पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, दर वेळी. आवाजवाल्या इंजिनात वीज पापणी लवण्याइतकी जरी तुटली तरी ते बंद पडून परत स्टार्ट होतं, खॉक-खॉक करत, गाडी पळत असताना. त्यावर कॅपॅसिटरची छोटी पॅक मिळते, सेकंद-दोन सेकंद तगवते. मी घेतलीय पण अजून बसवली नाहीये, लाँग हूडमध्ये स्पीकरच्या डबीने जागाच ठेवली नाही. टाकीच्या आतलं वजन कापून तिथे बसेल असं वाटतंय. पुढच्या शनिवारी बॉडी परत उघडतोय, ह्या वेळी स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटर लावणार आहे.